सब्जाचं बी, पायांचा रस्सा आणि जखमेवरचं जेल

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात एका बचत गटाकडून प्रश्न आला. गटातल्या एका ताईंचा हात भजी तळताना तेलाने भाजला. औषधाच्या दुकानात दुकानदाराने दोन ट्यूब पुढे ठेवल्या. एक नेहमीचं मलम, आणि दुसरीवर लिहिलेलं ‘नॅनो सिल्व्हर हायड्रोजेल’. दुसरी कितीतरी महाग. ताई विचारतात, ‘‘हे नॅनो म्हणजे खरंच काही असतं, की नाव मोठं लक्षण खोटं?’’

प्रश्न फार चांगला आहे, पण त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज जरा ऐसपैस बोलू. हातातलं काम थांबवू नका. भाजी निवडता निवडता ऐका.

सुरुवात करू सब्जापासून. चमचाभर सब्जा पाण्यात टाकला की दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक बी फुगतं आणि त्याच्याभोवती काचेसारखा मऊ थर येतो. आता हा सब्जा फडक्यात बांधून पिळून बघा. ओलं फडकं पिळलं की पाणी गळतं, पण सब्जाने धरलेलं पाणी सहज सुटत नाही. अळीव भिजवल्यावर असंच होतं, इसबगोलाचंही असंच. या बियांच्या सालीत लांबच लांब धाग्यांसारखे पदार्थ असतात. पाणी लागलं की हे धागे सुटतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांची जाळी होते. त्या जाळीत पाणी अडकून बसतं. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा जाळीलाच शास्त्रज्ञ हायड्रोजेल म्हणतात. म्हणजे नाव नवीन वाटलं तरी वस्तू आपल्या स्वयंपाकघरातली आहे.

दुसरं उदाहरण मांसाहारी घरातलं. बोकडाच्या पायांचा रस्सा आपण बाळंतिणीला, हाड मोडलेल्याला पाजतो. थंडीच्या दिवसांत रात्रीचा रस्सा पातेल्यात उरला, तर सकाळी तो थरथरणाऱ्या वडीसारखा घट्ट झालेला असतो. चुलीवर ठेवला की पुन्हा पातळ. हे असं का होतं? प्राण्यांच्या कातडीत, हाडांत, स्नायूंच्या दोऱ्यांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते तुमच्या-माझ्या कातडीतही आहे. त्याचे तीन-तीन धागे वेणीसारखे एकमेकांभोवती वळलेले असतात. फार वेळ उकळलं की या वेण्या सुटतात. सुटलेल्या पेडांचं नाव जिलेटीन. गार होताना हे पेड पुन्हा वेणी घालायला बघतात, पण ती पहिल्यासारखी नीट जमत नाही. कुठे चार वळसे पडतात, कुठे नुसताच गुंता होतो. त्या गुंत्यात सगळा रस्सा अडकतो.

बाजारातलं जिलेटीन असंच गुरांच्या हाडांपासून, डुकराच्या किंवा गुरांच्या कातडीपासून, काही वेळा माशांपासून काढतात. औषधाच्या कॅप्सूलचं टरफल बहुतेक वेळा त्याचंच असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुकानात विचारावं. वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेल्या कॅप्सूलही मिळतात. उपासाचं काही करताना आपण वापरतो ते चायना ग्रास मात्र समुद्रातल्या शेवाळाचं, शुद्ध शाकाहारी. त्याची वडी उन्हाळ्यातही टिकते, कारण ती वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. जिलेटीनची वडी तीस-पस्तीस अंशांनाच पाघळते.

हे पाघळणंच शास्त्रज्ञांना अडचणीचं ठरलं. जिलेटीन आपल्या कातडीतल्या कोलॅजनचंच सुटं रूप असल्यामुळे शरीरातल्या पेशी त्याला परकं मानत नाहीत. त्याला धरून बसतात, त्यावर वाढतात आणि काम झालं की त्याचा निचराही करतात. जखमेवर घालायला याहून चांगलं काय हवं? पण आपलं शरीर ३७ अंशांचं. अंगावर ठेवलं की वितळून वाहून जाणार! मग त्यांनी गोधडीसारखा विचार केला. नुसती लुगडी एकावर एक ठेवली तर ती सरकतात, पण टाके घातले की जन्मभर सरकत नाहीत. जिलेटीनच्या धाग्यांनाही असे टाके घालता येतात. २००० साली बेल्जियममधल्या संशोधकांनी जिलेटीनला एक रासायनिक जोड देऊन प्रकाशाने टाके घालण्याची रीत मांडली. दातात सिमेंट भरताना डॉक्टर निळा दिवा धरतात आणि क्षणात ते कडक होतं, ते पाहिलंय ना? काहीशी तीच युक्ती. पातळ जिलेटीन खड्ड्यात भरायचं, दिवा धरायचा, की ते जागीच बसतं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हे जिलेटीन वापरून कातडी, हाड, कूर्चा वाढवण्याचे प्रयोग चालू आहेत.

माणसाच्या शरीराला हायड्रोजेल चालतं हे मुळात कसं कळलं, त्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्यासाठी युरोपात, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात जावं लागेल. ओटो विख्टर्ले नावाचे रसायनशास्त्रज्ञ प्राग शहरात राहत. १९६० मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लीम यांनी पाणी धरणारं मऊ प्लास्टिक शरीरासाठी वापरता येईल असं मांडलं. त्यापासून डोळ्यात बसवायचं मऊ भिंग करायचं होतं, पण सरकारी खात्याचा त्यावर विश्वास बसेना आणि काम थांबवायला सांगितलं गेलं. विख्टर्लेंनी काय करावं? १९६१ च्या नाताळात घरातल्या टेबलावर मुलाच्या खेळण्यातल्या पट्ट्या-चाकांचं यंत्र जोडलं, त्याला सायकलचा डायनॅमो लावला, आणि गरगर फिरणाऱ्या साच्यात पहिली मऊ भिंगं पाडली. पुढच्या काही महिन्यांत नवरा-बायकोने मिळून घरीच पाच हजारांवर भिंगं केली. आज कॉलेजातल्या मुली डोळ्यांत घालतात त्या मऊ लेन्सचा जन्म असा घरच्या टेबलावर झाला. बायकोचं, लिंडाबाईंचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेते.

आता ‘नॅनो’. एक मिलिमीटर म्हणजे पट्टीवरची सगळ्यात लहान रेघ. तिचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. जेलच्या जाळीची भोकं बऱ्याचदा काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर एवढीच असतात. पाणी त्यातून ये-जा करतं. औषधाचे लहान कण हळूहळू झिरपतात. जखमेतले जंतू मात्र हजार नॅनोमीटरच्या घरातले, त्यांना या चाळणीतून आत शिरता येत नाही. म्हणजे नॅनो हा शब्द पोकळ नाही. मापाचा शब्द आहे, शेर-पायलीसारखा. एवढंच की माप सांगितल्याने माल चांगला ठरत नाही.

आणि चांदी कशाला? चांदी जंतूंना मारते हे जुनं ज्ञान आहे. खडीसाखर पाण्यात सावकाश विरघळते, पिठीसाखर टाकताक्षणी विरघळते, कारण बारीक केल्यावर पाण्याला लागणारा पृष्ठभाग वाढतो. चांदी नॅनो मापाची केली की थोड्या चांदीचं काम मोठं होतं. पण चांदी जशी जंतूंना मारते, तशी जास्त झाली तर नव्या कातडीच्या कोवळ्या पेशींनाही त्रास देते. जंतू न झालेल्या, साध्या, वरवरच्या भाजण्याला चांदीमुळे लवकर आराम पडतो असं सिद्ध झालेलं नाही. जंतूंचा धोका असलेल्या जखमेत डॉक्टर ती देतात, तेव्हा तिचा उपयोग असतो.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कशाला, आपली हळद आहे की! हळदीचं सांगते. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या रीतीवर चक्क पेटंट दिलं गेलं. म्हणजे आपल्या आज्यांचं ज्ञान दुसऱ्याच्या नावावर! आपल्या देशातल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याविरुद्ध दाद मागितली. जुन्या संस्कृत ग्रंथांतले उल्लेख आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेख पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. गंमत अशी की माशेलकर स्वतः पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पाणी धरणाऱ्या जेलवर काम करणारे शास्त्रज्ञ.

पण पेटंटची लढाई जिंकणं वेगळं आणि ताज्या भाजलेल्या हातावर डब्यातली हळद थापणं वेगळं. डब्यातल्या हळदीत धूळ असते, जंतू असतात, कधी भेसळीचा रंगही असतो. जखम पिवळी झाली की ती किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. ती खरवडून काढताना जीव जातो तो निराळाच. शिवाय हळदीतला मुख्य गुणकारी पदार्थ, कर्क्युमिन, पाण्यात जवळपास विरघळतच नाही. जखमेवर तो नुसता बसून राहतो. म्हणूनच तर संशोधक कर्क्युमिनचे नॅनो कण करून ते जिलेटीनच्या जेलमध्ये भरतात, म्हणजे ते जाळीतून थोडं थोडं झिरपत राहील. हे काम मला फार आशेचं वाटतं. पण त्यातलं बरंचसं अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांवर चाललेलं आहे. कुणी जत्रेत ‘नॅनो हळद जेल’ विकायला आलं तर एवढं लक्षात असू द्या.

तसंच रक्त थांबवण्याचं. शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला जिलेटीनचा स्पंज १९४० च्या दशकापासून वापरतात. तो आत ठेवला तरी शरीर त्याला जिरवतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जिलेटीनमध्ये मातीचे नॅनो आकाराचे पापुद्रे मिसळले. ते मिश्रण सुईतून दाबलं की पातळ होऊन बाहेर येतं आणि जखमेत पोचलं की पुन्हा घट्ट. त्याने रक्त लवकर गोठलं, असं त्यांच्या प्रयोगात दिसलं. म्हणून लगेच शेतातली माती जखमेला लावू नका हं! मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. त्यांची माती शुद्ध करून, मापून घेतलेली असते.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे जखम झाली की पहिलं वाक्य असतं, ‘‘उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे.’’ जगभरचे डॉक्टरही पूर्वी असंच समजत. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकून ओलसर ठेवल्या. ओलसर जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण शेतातलंच आहे. नव्या कातडीच्या पेशी कडेकडेने सरकत मध्ये येतात आणि त्यांना ओल लागते. वर कडक खपली असली तर त्यांना खपलीखालून, ओल शोधत, लांबच्या वाटेने जावं लागतं. हायड्रोजेलची पट्टी हीच ओल धरून ठेवते. त्यात बहुतांश पाणीच असल्यामुळे ती गार लागते आणि काढताना कातडीला चिकटून ओढत नाही. पट्टी बदलताना रडलेल्या प्रत्येकीला यातला आराम कळेल.

पण ओल वेगळी आणि चिखल वेगळा. ज्या जखमेतून पाणी किंवा पू वाहतोय, तिथे जेल लावलं तर ओल जास्त होते. दिवसभर धुणं धुतल्यावर बोटं कशी पांढरी, सुरकुतलेली होतात, तशा जखमेच्या कडा होतात आणि जखम उलट मोठी होते. तिथे पाणी शोषणारी वेगळी पट्टी लागते. खोल जखमेला तर नुसत्या ट्यूबवर थांबूच नये.

मग ताईंनी कोणती ट्यूब घ्यावी? माझं स्पष्ट मत सांगते. जखम वरवरची, लहान, स्वच्छ असेल तर साधं जेल किंवा डॉक्टरांनी सांगितलेली साधी पट्टी पुरते. चांदीसाठी जास्तीचे पैसे डॉक्टर म्हणाले तरच घालावेत. वेष्टनावर काय काय घातलंय ते लिहिलेलं हवं, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख हवी. नुसतं मोठ्या अक्षरात ‘नॅनो’ आणि बाकी सगळं कोरं असेल तर ती ट्यूब परत द्या. पावती मागा. दुकानदार नाराज झाला तर होऊ दे.

खरं म्हणजे भाजल्यावर पहिल्या वीस मिनिटांत जे करायचं, ते कुठल्याच ट्यूबमध्ये नाही. ते आहे पाणी. भाजलेला भाग लगेच गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचा. वीस म्हणजे वीस, घड्याळ बघून. लगेच जमलं नाही तर तीन तासांच्या आत केलं तरी फायदा होतो. टंचाईच्या गावात एवढं वाहतं पाणी कुठून आणायचं, हे मला ठाऊक आहे. तिथे तांब्याने सावकाश धार धरा, किंवा स्वच्छ फडकं पाण्यात भिजवून ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बदला. बर्फ लावू नका, त्याने कातडीला आणखी इजा होते. हात भाजला असेल तर बांगड्या, अंगठी सूज येण्याआधी काढा. टूथपेस्ट, शाई, तेल, हळद, राख काहीही नको. चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. मग धुतलेल्या सुती फडक्याने सैल झाका. तोंड, हाताचा पंजा, पाऊल, सांधा किंवा नाजूक जागा भाजली असेल, तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, विजेने किंवा ॲसिडने भाजलं असेल, तर घरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करायचा. ‘‘लोक काय म्हणतील, कसं भाजलं म्हणून विचारतील’’ या धाकाने घरात बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दवाखाना उपचारासाठी आहे, तिथे जायला कुणाच्या परवानगीची वाट बघू नका.

साखरेचा आजार असलेल्यांसाठी आणखी एक. पायाची संवेदना कमी झाली की काटा मोडला तरी कळत नाही. रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा किंवा सुनेला, नातवाला बघायला सांगा. पायाला जखम दिसली तर स्वतःच्या मनाने जेल लावत बसू नका, दुसऱ्याच दिवशी दाखवा.

हायड्रोजेलचं आणखी एक भावंड शेतात आलंय. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनुपमा सिंह आणि सहकाऱ्यांनी ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केलं. त्याचे कोरडे दाणे शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या साडेतीनशे पट पाणी धरतात आणि मुळांना सावकाश देतात. एकरी एक ते दोन किलो, पेरणीच्या वेळी मुळांजवळ, अशी त्याची शिफारस आहे. पाणी खारं असेल तर ते कमी फुगतं. घ्यायचं असेल तर आधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा आणि एका वाफ्यावर करून बघा. सॅनिटरी पॅडमध्येही असेच पाणी शोषणारे दाणे असतात, म्हणून पॅड संडासात टाकलं की फुगून पाइप तुंबतो.

आणि हे शेवटचं, पण लहान मुलांच्या आयांनी कान देऊन ऐका. जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीबेरंगी मणी मिळतात. मोहरीएवढा मणी टपोऱ्या गोटीएवढा किंवा त्याहून मोठा होतो. मुलांना तो गोळीसारखा वाटतो. गिळला तर पोटात फुगत जातो आणि आतडं तुंबवतो. यात मुलं दगावल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. लहान मूल असलेल्या घरात हे मणी आणूच नका. गिळल्याचा संशय आला, मूल सारखं ओकतंय, पोट फुगलंय, तर वाट बघू नका. हे मणी साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत, म्हणून डॉक्टरांना ‘‘पाण्यात फुगणारा मणी गिळला असेल’’ असं तोंडाने सांगा आणि घरात उरलेले मणी पिशवीत घालून बरोबर न्या.

तुमच्या गटाचे प्रश्न येऊ द्या. भजीवाल्या ताई, हात कसा आहे तेही कळवा. नमस्कार.